घंटेचें अक्षर



आजच्या भाषणाचा विषय अगदीं लहान आहे. दोन-चार ओळींची आज्ञावली लिहून संगणकाकडून ‘टूं’ असा एकच आवाज कसा काढून घ्यावा, एवढेंच मला सांगावयाचें आहे. ज्या यंत्रावर गाणीं वाजतात, चित्रपट दिसतात आणि सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या मुलाचा चेहरा बोलतांना समोर उभा राहतो, त्या यंत्राकडून एक टूं काढण्यांत कसलें कौतुक, असें कोणीहि विचारील. कौतुक आवाजाचें नाहींच. तो कोणासाठीं काढावयाचा, केव्हां काढावयाचा, आणि ज्याच्यासाठीं काढला त्याच्या कानापर्यंत तो पोहोंचला कीं नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

रेडिओ ऐकणाऱ्यांना ही भाषा परकी नाहीं. वेळ सांगणारे टिपटिप स्वर आपण ऐकलेले आहेत. ग्रिनिच वेधशाळेचे राजज्योतिषी फ्रँक डायसन यांच्या कल्पनेंतून बीबीसीनें ते ५ फेब्रुवारी १९२४ रोजीं सुरू केले. सहा टिपके, आणि स्वर सेकंदाला हजार आंदोलनांचा. त्यांत शब्द नाहीं, रागरागिणी तर नाहींच नाहीं. तरी घरोघरचे लोक त्या टिपक्यांवर आपलें घड्याळ लावून घेत. अर्थ स्वरांत नसतो, तो कोणत्या क्षणीं वाजला त्यांत असतो. आजचा विषय त्याच जातीचा आहे.

बीड जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांत तलवाडा हें गांव आहे. त्वरितादेवीच्या देवळामुळें तें दूरवर माहीत आहे. देवळाच्या घंटेचा एक गुण आपण सहसा लक्षांत घेत नाहीं: ती ऐकण्यासाठीं तिच्याकडे पाहावें लागत नाहीं. डोळा वळवावा लागतो, उघडा ठेवावा लागतो; कानाला पापणी नाहीं. आतां याच गांवांत, किंवा याच्यासारख्या कोणत्याहि गांवांत, सेवा-केंद्रांत संगणकापुढें बसलेल्या एखाद्या तरुणाची कल्पना करा. पीकविम्याच्या अर्जाची शेवटची तारीख आहे. दाराबाहेर रांग आहे. कोणाचा सातबारा, कोणाचें आधारकार्ड, कोणाचें बँकेचें पासबुक त्याच्या हातांत आहे. इंटरनेट जातें आणि येतें. तें गेलें म्हणजे पडद्यावर एक ओळ उमटते आणि मुकाट्यानें बसून राहते. तें परत आलें म्हणजे तेवढीहि ओळ उमटत नाहीं. तरुणाचे डोळे कागदांवर आहेत. दहा मिनिटें आलेलें इंटरनेट कोणाच्या लक्षांत न येतां निघून जातें, आणि सायंकाळीं रांगेंतले शेवटचे चार शेतकरी अर्ज न भरतांच घरीं परततात. पुढें पाऊस ओढला किंवा अवेळीं आला, तर या चौघांच्या हिशेबीं त्या न वाजलेल्या टूंची किंमत एका हंगामाच्या विम्याइतकी आहे.

यंत्रावर काम करणाऱ्याचे डोळे दुसरीकडे असणार, ही गोष्ट संगणक बनविणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. इंग्लंडांत मँचेस्टर येथें १९५१ सालीं फेरांती कंपनीचें ‘मार्क १’ हें यंत्र उभें राहिलें. त्याला एक स्पीकर जोडलेला होता, आणि त्याच्या आज्ञांत ‘हूट’ नांवाची एक आज्ञा होती. यंत्र चालविणाऱ्यांसाठीं पुस्तिका लिहिली ती ॲलन ट्यूरिंग यांनीं. तींत या हूटचें वर्णन आहे. आज्ञा एकदांच दिली तर नुसतें टक् असें होई. तीच फेऱ्याफेऱ्यांनीं वारंवार दिली म्हणजे त्या टकटकीचा स्वर बने. हेतु गाण्याचा नव्हता. गणित संपलें किंवा कोठें अडलें, तर खोलींतल्या माणसाला हाक जावी, एवढाच होता. पण माणूस तो माणूस. क्रिस्टोफर स्ट्रेची यांनीं त्याच यंत्राकडून इंग्लंडचें राष्ट्रगीत वाजवून घेतलें, आणि बीबीसीनें १९५१ सालींच तेथल्या वादनाचें ध्वनिमुद्रणहि केलें.

आपल्या टेबलावरच्या संगणकांत जी टूं आहे तिचा वंश मात्र या हूटचा नव्हे. ती टेलिप्रिंटरच्या घरची आहे. तारेच्या एका टोकाला कळा दाबाव्या आणि दुसऱ्या टोकाला अक्षरें आपोआप कागदावर उमटावीं, असें तें यंत्र. मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तें रात्रंदिवस खडखडत असे. पण उमटलेलें अक्षर पाहण्यास कोणी समोर हवा. तो चहाला गेला असेल, पहांटेची डुलकी घेत असेल, तर? म्हणून यंत्राच्या पोटांत एक खरीखुरी घंटा बसविलेली असे, आणि ती वाजविण्यासाठीं अक्षरांच्याच रांगेंत एक खूण राखून ठेवलेली असे. ज्या आंतरराष्ट्रीय पंचचिन्ही लिपीवर टेलिप्रिंटर चालत, तींत ‘जे’ या अक्षराच्या खुणेला दुसरा अर्थ घंटेचा होता. तातडीचा मजकूर पाठविणारा आधीं ती खूण पाठवी. पलीकडे घंटा वाजे, माणूस धांवे, आणि मग मजकूर येई.

ही योजना मला फार मार्मिक वाटते. घंटेसाठीं त्यांनीं निराळी तार ओढली नाहीं. घंटेलाच अक्षर केलें. कागदावर तें उमटत नाहीं, जागा अडवीत नाहीं, पण मजकुराबरोबर प्रवास करतें. १९६३ सालीं अमेरिकेंत ‘आस्की’ नांवाची १२८ जागांची सांकेतिक वर्णमाला ठरली, तेव्हां घंटेला तींत ७ हा क्रमांक मिळाला. आज जगांतल्या बहुतेक लिप्या ज्या यूनिकोडांत एकत्र बसल्या आहेत, त्यानेंहि हे पहिले १२८ क्रमांक जसेच्या तसे ठेवले. आपल्या ‘अ’ला त्यांत २३०९ हा क्रमांक आहे आणि घंटेला ७. म्हणजे मराठी मजकुरांत ‘अ’ लिहितां येतो तशी घंटाहि लिहितां येते. तिला स्वर म्हणावें कीं व्यंजन, हा प्रश्न मी व्याकरणकारांवर सोडतों.

हें अक्षर लिहावयाचें कसें? कीबोर्डवर घंटेची कळ नाहीं; पण खालच्या कोपऱ्यांत ‘कंट्रोल’ नांवाची कळ आहे. ती दाबून धरून एखादें अक्षर दाबलें म्हणजे, जुन्या संकेताप्रमाणें, त्या मोठ्या लिपींतील अक्षराच्या क्रमांकांतून ६४ वजा होतात. ‘जी’चा क्रमांक ७१. एकाहत्तरांतून चौसष्ट गेले, राहिले सात. जी हें इंग्रजी वर्णमालेंतलें सातवें अक्षर आहे, हा योगायोग नव्हे. सारी मांडणीच तशी केलेली आहे.

ज्यांच्या घरीं किंवा शाळेंत विंडोजचा संगणक आहे त्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. शोधाच्या चौकटींत सी, एम, डी हीं तीन अक्षरें लिहून एंटर दाबलें म्हणजे एक काळा पडदा उघडतो. पुष्कळ लोक त्याला बिचकतात. बिचकण्याचें कारण नाहीं. तेथें इंग्रजींत ‘इको’ लिहा: ई, सी, एच, ओ. इको म्हणजे प्रतिध्वनि. त्याच्यापुढें जें लिहाल तें यंत्र परत म्हणून दाखवितें. एक जागा सोडा. कंट्रोल धरून जी दाबा. पडद्यावर लहानशा टोपीसारखें चिन्ह आणि जी अशी जोडी दिसेल. ती त्या अदृश्य अक्षराची सावली समजा. आतां एंटर दाबा. यंत्रानें अक्षर परत म्हटलें, आणि या अक्षराचें म्हणणें म्हणजेच वाजणें.

ही आज्ञा साठवून ठेवावयाची तर नोटपॅड उपयोगी पडत नाहीं; तेथें कंट्रोल-जी दाबलें कीं तें ‘कोणत्या ओळीवर जावयाचें?’ असें विचारूं लागतें. म्हणून काळ्या पडद्यावरच एक युक्ति करावी. इको, जागा, मग ईमेलच्या पत्त्यांत असतें तें ‘ॲट’चें चिन्ह, आणि त्याला चिकटून पुन्हां इको, जागा, कंट्रोल-जी, जागा, उजवीकडे टोंक असलेलें कोनाचें चिन्ह, जागा, आणि शेवटीं इंग्रजी अक्षरांत ‘घंटा’, टिंब, ‘बॅट’. एंटर दाबा. या वेळीं आवाज होणार नाहीं, आणि तो न होणें हेंच बरोबर आहे. कोनाच्या चिन्हानें यंत्राचें म्हणणें पडद्याकडून वळवून घंटा नांवाच्या फाइलींत सोडलें. अक्षर तेथें निजून आहे. यापुढें नुसतें ‘घंटा’ लिहून एंटर दाबलें कीं तें जागें होईल. गंमत अशी कीं, ‘टाइप’ ही फाइल वाचून दाखविण्याची आज्ञा दिली तरीहि घंटा वाजते. कारण हें अक्षर वाचणें आणि वाजविणें यांत भेदच नाहीं. ॲटचें चिन्ह कशाला, असें कोणी विचारील. तें गाळलें तर यंत्र आज्ञा पाळण्यापूर्वीं ती स्वतःशीं उच्चारून घेतें, आणि त्या उच्चारांतहि घंटेचें अक्षर असल्यामुळें एका हाकेच्या जागीं दोन जातात.

लिनक्सवर काम करणाऱ्यांना हा खटाटोप नको. त्यांनीं ‘प्रिंटएफ’ लिहून, जागा सोडून, एकेरी अवतरणचिन्हांत डावीकडे झुकलेली रेघ आणि ‘ए’ एवढेंच लिहावें. या रेघेची आणि ए ची जोडी १९८९ च्या प्रमाणित सी भाषेंत घंटेसाठीं ठरली. ए म्हणजे ‘अलर्ट’, सावध!

आतां प्रत्यक्ष आवाज होतो कसा, तें पाहूं. ऑगस्ट १९८१ मध्यें आयबीएमनें जो पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, त्यांत ही क्रिया अगदीं उघडी दिसते. त्यांत एक लहानसा स्पीकर होता. प्रवाह मिळाला कीं त्याचा कागदी शंकु पुढें येई, बंद झाला कीं मागें जाई. मधली स्थिति त्याला ठाऊक नव्हती. सेकंदांत जितक्या वेळां तो मागेंपुढें होईल तितक्या आंदोलनांचा स्वर. हें मोजण्याचें काम इंटेलच्या ८२५३ या भागाकडे होतें, आणि त्याला सेकंदाला सुमारें ११,९३,१८२ ठोके मिळत. इतका आडनिडा आंकडा कोठून आला? यंत्रांतला मूळ स्फटिक सेकंदाला सुमारें १,४३,१८,१८० ठोके देणारा होता. ही गति अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणींत रंगासाठीं वापरल्या जाणाऱ्या लहरीच्या नेमकी चौपट. तिला बारानें भागून मोजणीदाराचा ठोका मिळाला. चित्राच्या सोयीसाठीं निवडलेल्या स्फटिकावर अशा रीतीनें नादाचा संसार उभा राहिला.

आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत मध्य षड्जाचीं आंदोलनें सेकंदाला २४० धरण्याचा प्रघात आहे. ११,९३,१८२ ला २४० नें भागलें तर सुमारें ४,९७२ येतात. मोजणीदाराला सांगावयाचें, इतके ठोके झाले कीं एक आंदोलन पुरें कर, षड्ज लागला. पंचम षड्जाच्या दीडपट, म्हणजे ३६०. त्याचा भाजक ३,३१४. तार षड्ज दुप्पट, म्हणजे ४८०. त्याचा भाजक २,४८६. भाजक निम्मा केला कीं स्वर एक सप्तक वर चढतो, ही गोष्ट ज्या मुलानें स्वतः कळा दाबून ऐकली, त्याला व्यस्त प्रमाण निराळें शिकवावें लागणार नाहीं. मात्र या वाद्यावर एका वेळीं एकच स्वर निघतो, लहान-मोठा आवाज करतां येत नाहीं, आणि तो कर्कश असतो. शंकु झटक्यानें पुढें-मागें होत असल्यामुळें मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पांचपट, सातपट आंदोलनांचे स्वरहि त्यांत मिसळतात. मैफलींत हा दोष. हाक मारण्याच्या कामीं हाच गुण, कारण गोड आवाज गर्दींत विरून जातो.

आज भागाकार आपण करावयास नको. पायथन भाषेंत ‘विनसाउंड’ नांवाचा संच मागवावा आणि त्यांतल्या ‘बीप’ला कंसांत दोन आंकडे द्यावे: पहिला आंदोलनांचा, दुसरा काळाचा, तोहि सेकंदाच्या हजाराव्या भागांत. २४० व ५००, मग ३६० व ५००, मग ४८० व १००० असें तीन वेळां लिहिलें कीं सा, प आणि तार सा यंत्र म्हणून दाखवील. पहिला आंकडा ३७ पासून ३२,७६७ पर्यंत चालतो. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो, आणि वयाबरोबर ही मर्यादा खालीं येत जाते. तेव्हां कोणी तीस हजारांचा आंकडा दिला, तर यंत्र आज्ञा पाळल्याच्या समाधानांत राहील आणि आपण कान टंवकारून बसूं.

येथेंच या विषयाची अवघड बाजू सुरू होते. टेलिप्रिंटरांत अक्षर आलें कीं हातोडी घंटेवर आपटत असे; मध्यें कोणी नव्हता. आज मध्यें पुष्कळ जण आहेत. तो जुना लहानसा स्पीकर बहुतेक नव्या यंत्रांतून गेलेला आहे. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा यांच्या ६४-बिट आवृत्तींत आंदोलनें सांगून वाजविण्याची ही सोय बंदच होती; २००९ मधील विंडोज ७ पासून ती परत आली, पण साउंड कार्डाच्या मार्गानें. याचा अर्थ असा कीं, आवाजाची पट्टी शून्यावर असेल, हेडफोनची पिन लावलेली राहिली असेल, तर टूं वाटेंतच गडप होते. उबुंटू लिनक्समध्यें तर जुना स्पीकर चालविणारा भाग मुळांतच बंद-यादींत टाकलेला असतो. याबद्दल कोणावर रागावण्यांत अर्थ नाहीं. एका खोलींत वीस संगणक आणि प्रत्येक चुकीला एक टूं, असा छळ ज्यांनीं सोसला त्यांनींच ही बंदी मागितली असणार. पण आज्ञावलीला यांतलें कांहींच कळत नाहीं. तिनें पत्र पेटींत टाकलें. पोहोंचल्याची पोंच तिला कोणी देत नाहीं.

एके ठिकाणीं मात्र ती जुनी सरळ घंटा अजून कामाची आहे. संगणक सुरू होतांना, पडद्यावर कांहीं दिसण्यापूर्वीं, तो आपल्या अवयवांची तपासणी करतो. पडदाच चालत नसेल तर बोलण्यास त्याच्याजवळ टूंखेरीज दुसरें साधन नसतें. आयबीएमच्या जुन्या यंत्रांत एक आखूड टूं म्हणजे सर्व ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्र दाखविणाऱ्या कार्डांत बिघाड. निरनिराळ्या कंपन्यांचे संकेत निरनिराळे असल्यामुळें त्या त्या यंत्राची पुस्तिका पाहावी लागते. खेड्यांतल्या शाळेंतून गेवराईच्या किंवा बीडच्या दुरुस्तीवाल्याला ‘पडदा काळा आहे’ एवढेंच कळविलें तर त्याला निम्मीं दुकानें बरोबर आणावीं लागतील. ‘एक लांब, दोन आखूड’ असें फोनवर सांगितलें तर त्याला काय आणावयाचें तें समजतें.

आतां तलवाड्याच्या आपल्या त्या कल्पित तरुणाकडे वळूं. १९८३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत माइक मूस यांनीं ‘पिंग’ नांवाची छोटी आज्ञावली लिहिली. एका संगणकानें दुसऱ्याला हाक मारावयाची, आणि ‘ओ’ आली तर किती वेळांत आली तें सांगावयाचें, एवढेंच तिचें काम. मूस यांनीं एक हकीकत नमूद करून ठेवली आहे. एका गृहस्थाच्या कचेरींतली संगणकांची तार कोठें तरी सैल होती आणि संपर्क अधूनमधून तुटत होता. त्यानें पिंगच्या प्रत्येक उत्तराला संगणकाकडून मोठ्यानें ‘पिंग’ असें म्हणवून घेण्याची व्यवस्था केली, आवाज चढवून ठेवला, आणि इमारतभर हिंडून एकेक जोड हालवून पाहूं लागला. ज्या जोडाला हात लावतांच आवाज थांबला, तो दोषी.

आपल्याकडे ही विद्या नवी नाहीं. दूरदर्शनचा अँटेना फिरविण्यासाठीं जो पत्र्यावर चढला आहे त्याला ती ठाऊक आहे. वरून विचारावयाचें, ‘दिसतंय का?’ आणि खालून उत्तर यावयाचें, ‘मुंग्याच मुंग्या!’ ज्याचे हात कामांत आहेत त्याचे डोळे दुसऱ्याकडे असतात, आणि मध्यें फक्त आवाज. खालच्या माणसाचें काम संगणकाला देतां येतें.

त्यासाठीं चार ओळी पुरतात. या वेळीं नोटपॅड चालेल. फक्त फाइल ‘बॅट’ या शेपटीनें, घंटेच्या फाइलीशेजारींच ठेवावी. अक्षरें आणि आंकडे सर्व इंग्रजी लिपींत द्यावयाचे. पहिल्या ओळींत उभीं दोन टिंबें आणि त्यांना लागून ‘परत’ हा शब्द. ही आज्ञा नव्हे, वाटेवरचा दगड आहे. दुसऱ्या ओळींत ‘पिंग’, मग ‘वजा-एन’ व १, म्हणजे एकच हाक मार, मग ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक सेवेचा पत्ता. मग एक उभी रेघ, ‘फाइंड’, आणि दुहेरी अवतरणचिन्हांत मोठ्या लिपींतील टी-टी-एल हीं अक्षरें. मग दोन ‘अँड’ चिन्हें, ‘कॉल’ आणि ‘घंटा’. तिसऱ्या ओळींत ‘टाइमआउट’ व २, म्हणजे दोन सेकंद थांब. चौथींत ‘गोटू परत’, म्हणजे त्या दगडापाशीं जा आणि पुन्हां सुरू कर. टी-टी-एल कशासाठीं? पलीकडून खरी ओ आली तरच हीं अक्षरें उत्तरांत असतात. एरवीं ‘पत्ता सांपडत नाहीं’ हा जवळच्या यंत्राचा निरोपहि विंडोजचें पिंग कधीं कधीं उत्तर म्हणून पदरीं घेतें, आणि घंटा खोटी वाजते. या फाइलीला ‘पिंग’ असें नांव मात्र देऊं नये. तसें दिलें तर आज्ञावली दुसऱ्या ओळीवर येतांच स्वतःलाच हाक मारीत बसते. काम झालें कीं कंट्रोल-सी दाबून ती थांबवावी.

दोन अँड चिन्हांकडे थोडें अधिक लक्ष द्या. त्यांचा अर्थ ‘आधींचें काम साधलें तरच पुढचें कर’. त्यांच्या जागीं दोन उभ्या रेघा लिहिल्या तर अर्थ उलटतो: ‘साधलें नाहीं तरच कर’. आणि एकच अँड लिहिलें तर ‘साधो न साधो, संपलें कीं कर’. दिसण्यांत फरक केवढासा! पण येथेंच घंटा कोणत्या बाजूला बांधावयाची हें ठरतें. सहज वाटेल कीं बिघडल्यावर वाजावें, म्हणजे उगाच कटकट नको. मला हें पसंत नाहीं. घंटा केवळ बिघाडावर बांधली, तर शांततेचे दोन अर्थ होतात: सर्व ठीक आहे, किंवा आवाजाची पट्टी शून्यावर आहे. दुसरा अर्थ कळेपर्यंत शेवटची तारीख निघून जाते. उलट सर्व ठीक असेतोंपर्यंत टूं येत राहिली, तर ती थांबतांच माणूस मान वर करून पाहतो. मग थांबण्याचें कारण इंटरनेट असो कीं हेडफोनची पिन असो. दर दोन सेकंदांनीं वाजणारी घंटा दिवसभर कोणी सहन करणार नाहीं, हें खरें; अँटेना लावतांना दोनाचा आंकडा ठेवावा, आणि एरवीं साठाचा.

एकदांच होणाऱ्या लांब कामासाठीं, जसें दिवसभर स्कॅन केलेले कागद पेनड्राइव्हवर उतरविणें, यश आणि अपयश या दोहोंनाहि आवाज द्यावा: साधलें तर एक टूं, फसलें तर तीन. तीन अक्षरें मात्र एकापाठोपाठ पाठवूं नयेत. तीं एकमेकांत मिसळून कानाला एकच वाटण्याचा संभव असतो. मध्यें एकेक सेकंदाचें टाइमआउट घालावें.

हें सर्व डोळे असणाऱ्यांविषयीं झालें. ज्याला दिसतच नाहीं त्याच्यासाठीं टूं ही सोय नसून पडदाच आहे. स्वतः अंध असलेले मायकेल करन यांनीं २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत ‘एनव्हीडीए’ ही पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली सुरू केली. ती विनामूल्य आहे आणि मराठींतहि वाचते. एखादी फाइल उतरत असतां ती टक्केवारी वाचीत बसत नाहीं. काम पुढें सरकेल तसा टूंचा स्वर खालून वर चढत जातो, आणि ऐकणाऱ्याला किती झालें, किती उरलें, याचा अंदाज शब्दावांचून येतो. विंडोजमध्यें स्वतःची अशीच एक लहान सोय आहे: कॅप्स लॉक लागला तर उंच स्वर, सुटला तर खालचा. मोठ्या-लहान लिपीच्या घोटाळ्यांत पासवर्ड तीनदां चुकून खातें बंद पडण्याची वेळ यामुळें टळते, आणि ती वेळ डोळसांवरहि येतेच.

ज्यांना ही आज्ञावली वापरावयाची आहे त्यांनीं ती शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीं पारखून घ्यावी. आज्ञावली सुरू करावी, हेडफोनची पिन काढलेली आहे ना तें पाहावें, आणि राउटरची तार मुद्दाम उपटावी. टूं थांबली पाहिजे. दहा सेकंद मोजून तार परत लावावी. कांहीं वेळानें टूं पुन्हां सुरू झाली पाहिजे. हें ऐकतांना खुर्चीवर बसूं नये. कागदांचें कपाट जेथें आहे आणि रांग जेथें उभी राहते तेथें जाऊन ऐकावें, आणि डोक्यावरचा पंखा चालू ठेवावा, कारण त्या दिवशीं तो चालू असणार.